शिकलगाराची सतार, सुताराची गिटार

#थ्रेड #इतिहास

१/ वसई तालुक्याच्या किनाऱ्यावर कळंब आणि अर्नाळा यांच्या मधोमध राजोडी हे गाव आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला वाड्या आणि आसपास जुन्या ख्रिस्ती वस्त्या. या पट्ट्यात गिटार कोणाला परकी वाटत नाही. तरीही मराठी मुलखात तारवाद्ये हाताने घडवण्याची सर्वांत मोठी परंपरा या किनाऱ्यावर रुजली नाही. ती रुजली येथून सुमारे ४०० किलोमीटरवर, मिरजेत. असे का झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना तलवारीला धार लावणारे शिकलगार भेटतात, स्पेनमधला एक सुतार भेटतो आणि घरच्या घरी गिटार घडवू पाहणाऱ्याच्या उपयोगाचे बरेच काही हाती लागते.

२/ प्रारंभ वसईपासून. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षे हा प्रदेश त्यांच्या ताब्यात होता. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन अशा पंथांचे मठ आणि चर्च येथे उभे राहिले. त्यांचे अवशेष वसईच्या किल्ल्यात आजही दिसतात. पोर्तुगीज वस्त्यांमध्ये उपासनेबरोबर पाश्चात्त्य संगीतही आले. कंबरेला निमुळते, तातीच्या तारांचे 'व्हियोला' हे वाद्य त्या काळच्या पोर्तुगीज जीवनात घरोघरी होते. पोर्तुगीज भाषेत 'व्हियोला' म्हणजे आजच्या गिटारीच्या कुळातलेच वाद्य.

३/ मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. चर्चमधल्या अवजड घंटा मराठ्यांनी विजयचिन्ह म्हणून नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि भीमाशंकरला त्या आजही पाहता येतात. धातूची घंटा तीनशे वर्षे टिकते. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या फळ्या सरसाने जोडून केलेले वाद्य समुद्राच्या दमट हवेत आणि वाळवीच्या मुलखात तितके टिकत नाही. पोर्तुगीज वसईचा आवाज म्हणून आपल्यापुढे उरल्या त्या घंटाच. लाकडी वाद्यांच्या इतिहासात हे नेहमी घडते. वाद्य नाहीसे होते आणि मागे राहते ते केवळ घडवण्याचे ज्ञान, तेही ते हातातून हातात गेले असेल तरच.

४/ किनाऱ्याचे स्वतःचे हस्तघडित वाद्य होते ते घुमट. कुंभाराने घडवलेले, दोन्ही बाजूंनी उघडे मडके आणि त्याच्या एका तोंडावर ताणलेले कातडे. गोव्यात आणि उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती समाजात लग्नप्रसंगी ते वाजत आले. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला, तेव्हापासून कातडे बदलणे भाग पडले आणि बकऱ्याचे कातडे रूढ झाले. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. या वाद्याची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे: मडके भाजणारा कुंभार आणि ते वाजवणारा गडी एकाच पंचक्रोशीतले असत.

५/ गिटारीचे तसे नव्हते. ती बाहेरून आली आणि बहुतांशी बाहेरूनच येत राहिली. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत मुंबईचा धोबीतलाव हा पाश्चात्त्य वाद्यांचा बाजार झाला. गोमंतकीय वादकांनी बँड, नृत्यगृहे आणि पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद गाजवले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासना लोकभाषांत होऊ लागली. वसईत ती मराठी झाली. जगभरच्या चर्चमध्ये त्या काळात ऑर्गनच्या जोडीला गिटार आली. वाजवणारे हात वाढले. घडवणारे हात मात्र दुसऱ्या गावी, दुसऱ्या देशी राहिले.

६/ आता मिरज. १८१८ साली पेशवाई संपली. पटवर्धनांची संस्थाने राहिली, परंतु लढाया थांबल्या. शस्त्रांवर पोट असलेल्या कारागिरांपुढे प्रश्न उभा राहिला. त्यांतलाच एक समाज शिकलगारांचा. अरबी 'सैकल' म्हणजे झिलई, पाणी चढवणे. ते करणारा तो सैकलगर, मराठीत शिकलगार. तलवारी, भाले, कट्यारी घडवणे, त्यांना धार लावणे आणि मुठीवर नक्षी करणे हे त्यांचे पिढीजात काम. कानस, पटाशी आणि सूक्ष्म नजर ही त्यांची भांडवले. गिऱ्हाईक तेवढे उरले नव्हते.

७/ मिरजेच्या परंपरेत सांगितले जाते ते असे: संस्थानात गवई-वादक येत. त्यांची वाद्ये उत्तरेतून आलेली असत. ती बिघडली की दुरुस्त करणारा जवळपास कोणी नसे. संस्थानाच्या आश्रयाने हे काम फरीदसाहेब या कुशल शिकलगारांकडे आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी आधी दुरुस्ती केली, मग वाद्य उलगडून त्याची रचना समजून घेतली आणि अखेर स्वतः तंबोरे व सतारी घडवल्या. कुटुंबाचे आडनावच पुढे 'सतारमेकर' झाले. तलवारीचा धंदा करणाऱ्या घराला वाद्यावरून इंग्रजी-मराठी मिश्र आडनाव मिळावे, यातच त्या शतकाचा सारा बदल सामावला आहे.

८/ हे मिरजेतच का घडले? शेजारच्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले. १८८० साली किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने संगीत नाटकाचे युग सुरू केले आणि गाणे महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचले. त्याच काळात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) यांनी ग्वाल्हेरची खयालगायकी दक्षिणेत आणली. मिरजेत त्यांच्याकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गाणे दरबारातून शाळेत आणि घरात आले. ज्या घरात गाणे शिरले त्या घराला तंबोरा हवा होता.

९/ मागणी हे निम्मे उत्तर झाले. उरलेले निम्मे अधिक महत्त्वाचे आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) मिरजेत स्थायिक झाले. तंबोरा अचूक लागला नाही तर गाणेच उभे राहत नाही, अशी त्यांची गायकी. ते स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत निष्णात होते. असा कानाचा माणूस गल्लीच्या अंतरावर राहत असेल, तर कारागिराला सबब सांगता येत नाही. आज केलेले वाद्य उद्या त्याच्या मांडीवर जाणार आणि दोष परवा परत येणार. कारागिराची खरी शाळा हीच.

१०/ खाँसाहेबांच्या कानाचा उपयोग आणखी एका कामात झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल यांना भारतीय सप्तकातल्या २२ श्रुती गणिताने मोजायच्या होत्या. अब्दुल करीम खाँनी लावलेले स्वर त्यांनी तारेच्या लांबीवरून मोजले आणि १९१० साली त्यावरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. गायकाचा गळा, तारेची लांबी आणि अपूर्णांकांचा हिशेब या तिन्ही गोष्टी एकाच टेबलावर आल्या. वाद्यनिर्मितीतला मूळ प्रश्न हाच आहे: तार कोठे दाबली असता कोणता स्वर निघेल? याच प्रश्नाला गिटारीने आणि सतारीने परस्परांहून वेगळी उत्तरे दिली.

११/ गिटारीचे उत्तर अंकगणिताचे. गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे पडदे, कायमचे ठोकलेले असतात. जुना नियम असा: तारेची लांबी घ्या, तिचा अठरावा भाग मोजा, तेथे पहिला पडदा. उरलेल्या लांबीचा पुन्हा अठरावा भाग, तेथे दुसरा. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ साली हा नियम मांडला. मात्र १८ हा आकडा किंचित मोठा आहे. ६५० मिलिमीटर तारेवर या हिशेबाने बारावा पडदा ठीक मध्यावर, ३२५ वर येत नाही. सुमारे अडीच मिलिमीटर चुकतो. आज १७.८१७ ने भागतात. मग पहिला पडदा ३६.५ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर.

१२/ सतारीचे उत्तर कानाचे. तिचे वाकवलेले पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात. रागाप्रमाणे वादक ते सरकवतो. कोमल गंधार एका रागात थोडा चढा हवा, दुसऱ्यात थोडा उतरता, तर पडदा तेवढा हलतो. शिवाय तार ओढून मींडही घेता येते. म्हणून सतार घडवणारा स्वरांच्या जागा शेवटपर्यंत मोकळ्या ठेवतो. गिटार घडवणाऱ्याला ही मुभा नाही. त्याची पट्टी अर्ध्या मिलिमीटरने चुकली, तर वाद्य जन्मभर बेसूर. घरी प्रथम गिटार करणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ करवतीला नव्हे, मोजपट्टीला द्यावा तो यासाठी.

१३/ साहित्याकडे पाहिले की दोन्ही वाद्यांचे नाते उघड होते. मिरजेच्या सतारीची आणि तंबोऱ्याची दांडी तून या लाकडाची. वजनाने हलके, तांबूस, कोरायला सोपे आणि मुरल्यावर फारसे न वाकणारे. स्पॅनिश गिटारीचा गळा परंपरेने अमेरिका खंडातल्या 'सेड्रेला' नावाच्या झाडाचा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन झाडे चुलतभावंडे आहेत, दोन्ही महोगनीच्या कुळातली. एके काळी तूनही 'सेड्रेला' याच नावाखाली मोजला जाई. मिरजेच्या शिकलगारांनी आणि स्पेनच्या सुतारांनी एकमेकांना न पाहता एकाच जातीचे लाकूड निवडले. हाताला जे कळते ते जगभर सारखेच कळते.

१४/ दुसरे नाते अधिक थेट आहे. गिटारीच्या पाठीला आणि कडांना ब्राझीलचा रोजवुड सर्वोत्तम मानत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते लाकूड दुर्मीळ झाले, तेव्हा १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने भारतीय रोजवुड स्वीकारला. हे झाड म्हणजे आपला शिसव; सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या रानातला, ज्याचे देव्हारे आणि झोपाळे जुन्या मराठी घरांत असत. गेल्या अर्ध्या शतकात जगात घडलेल्या असंख्य उत्तम गिटारींची पाठ भारतीय रानातली आहे. वसईच्या दुकानात परदेशातून येऊन टांगलेल्या गिटारीचे लाकूडही भारतातूनच गेलेले असू शकते.

१५/ तिसरी वस्तू खास मिरजेची: भोपळा. हा खाण्याचा नव्हे, कडू भोपळा. पंढरपूर-मंगळवेढा भागात भीमेच्या खोऱ्यात तो मुद्दाम वाद्यांसाठी पिकवतात. वेलीवर असतानाच आकाराची काळजी घ्यावी लागते. डाग, चीर किंवा खोक पडली तर फळ वाया. पुढे ते कित्येक महिने वाळवतात. कापून, पाण्यात भिजवून, तोंडाला आतून आधार देऊन योग्य आकार धरवतात. पुरुषी आवाजाच्या तंबोऱ्याला मोठा भोपळा, स्त्री-आवाजाला लहान. लाकूड लवकर मिळेल, पण मनाजोगता भोपळा मिळणे हे शेतकऱ्याच्या आणि पावसाच्या हाती. एका वाद्यामागे असा एक शेतकरीही उभा असतो.

१६/ आता घडण. तंबोऱ्याच्या भोपळ्याला लाकडी गळा जोडतात, गळ्याला आतून पोकळ दांडी. भोपळ्याच्या उघड्या तोंडावर बसते ती तबली, किंचित फुगीर लाकडी झाकण. तबलीवर घोडी, वर खुंट्या, खाली स्वर बारीक जुळवण्यासाठी मणी. सांधे सरसाने धरतात. मग नक्षी, लाखेची झिलई, तारा. गिटारीत भोपळ्याच्या जागी दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या असतात. त्या ओल्या करून तापल्या नळीवर हळूहळू वाकवतात आणि साच्यात धरून ठेवतात. घाई केली की पट्टी तडकते, उष्णता जास्त झाली की करपते. पण दोन्ही वाद्यांचा प्राण एकाच जागी असतो: वरच्या पातळ पृष्ठभागात.

१७/ हे सिद्ध करणारा माणूस म्हणजे आंतोनियो दे तोरेस (१८१७-१८९२). दक्षिण स्पेनमधल्या अल्मेरियाजवळचा. तो मुळात सुतार. कोवळ्या वयात सुतारकामालाच लागला. हुलियान आर्कास या गिटारवादकाने त्याच्यातले कसब ओळखले आणि त्याला वाद्यांकडे वळवले. आजच्या शास्त्रीय गिटारीचा आकार, तारेची ६५ सेंटिमीटर लांबी आणि तबलीच्या आत पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरलेल्या सात पट्ट्या हे सारे त्याने स्थिर केले. सातही पट्ट्यांची कल्पना त्याची एकट्याची नव्हती. परंतु त्यांचे प्रमाण त्याने असे साधले की नंतरचे जग त्याच मापाने चालले.

१८/ १८६२ साली तोरेसने एक विलक्षण प्रयोग केला. त्याने गिटारीची पाठ आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या. केवळ वरची तबली उत्तम लाकडाची. वाद्य वाजले, आणि चांगले वाजले. नाद कोठून येतो याचे उत्तर त्या एका वाद्याने दिले. ते आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. त्याच्या कौशल्याचे रहस्य काय, असे विचारल्यावर त्याने अंगठा आणि तर्जनी दाखवली, असे सांगतात: तबलीची जाडी बोटांच्या चिमटीत कळते, ती लिहून ठेवता येत नाही. मिरजेच्या गल्लीतला कारागीरही तबलीवर टिचकी मारून, कान लावून रंधा थांबवतो. दोघांची पोथी एकच.

१९/ जाडीचा हा हट्ट का? पोलादी तारांची गिटार स्वरात लावली की सहा तारा मिळून सुमारे ७० किलो ओढ निर्माण होते. एखादा प्रौढ माणूस अहोरात्र लोंबकळत राहावा इतकी ही ओढ, आणि ती झेलणारी तबली जेमतेम तीन मिलिमीटरची. जाड ठेवली तर आवाज कोंडतो. पातळ केली तर काही वर्षांत फुगते किंवा फाटते. म्हणून आतल्या पट्ट्या कोठे जाड, कोठे निमुळत्या करायच्या हे ठरवणे म्हणजे गिटार घडवणे. बाकीचे सारे उत्तम सुतारकाम आहे. एवढी एकच गोष्ट वाद्यकाम आहे.

२०/ नादाच्या आदर्शात मात्र ही दोन वाद्ये समोरासमोर उभी राहतात. गिटारीत तार कोठेही घासून आवाज आला तर तो दोष. कारागीर तो शोधून काढून टाकतो. तंबोऱ्यात तार घासणे हाच गुण. घोडीचा माथा अगदी मंद उतरता घासलेला असतो. कंपणारी तार त्याला निसटता स्पर्श करते आणि एका स्वरातून अनेक वरचे स्वर उमलतात. तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधतात. हीच जवारी. कानशीच्या एका जादा फेऱ्याने ती बिघडते. तलवारीच्या पात्यावर हात बसलेल्या शिकलगाराला हे साधावे, यात आश्चर्य कसले? पाते आणि घोडी, दोन्हीकडे केसाएवढ्या उताराचाच प्रश्न होता.

२१/ पेशा बदलून वाद्याकडे आलेल्यांची एक कथा जर्मनीतलीही आहे. साक्सनीतल्या मार्कनॉयकिर्शेन गावी व्हायोलिन करणाऱ्यांचा संघ होता. गिटारी करत होते ते फर्निचर करणारे सुतार, त्यांत मार्टिन कुटुंबही. वाद्य करण्याचा अधिकार आमचाच, असे म्हणत संघाने तक्रारी केल्या. सुतारांनी झुंज दिली. या कटकटींच्या काळातच, १८३३ मध्ये, ख्रिस्तियान फ्रेडरिक मार्टिन न्यूयॉर्कला गेला. तेथे उभी राहिलेली त्याची कंपनी आजही चालू आहे आणि तबलीखालची तिची फुलीच्या आकाराची पट्ट्यांची रचना पोलादी तारांच्या गिटारीचा कणा झाली आहे.

२२/ तीन गावे, तीन पेशे. अल्मेरियाचा सुतार, साक्सनीचा फर्निचरवाला, मिरजेचा शिकलगार. तिघेही मूळचे वाद्यांचे कारागीर नव्हते. तिघांकडेही दुसऱ्या धंद्यात तयार झालेला हात होता. तोरेसपाशी आर्कास आला, मिरजेच्या गल्लीत गवई आले. वाद्यपरंपरा उभी राहायला लाकूड लागते, हत्यारे लागतात, पण त्याहून अधिक लागतो तो शेजार: चोखंदळ कान आणि तयार हात यांचा. वसईच्या किनाऱ्यावर सुतार होते, वादकही होते. वाद्य मात्र बोटीतून किंवा धोबीतलावाहून तयार होऊन येत असे. त्यामुळे वादकाची तक्रार सुताराच्या दारात जाण्याची रीतच पडली नाही.

२३/ मिरजेचा हा शेजार आज अखंड आहे काय? वन्यजीव कायद्याने हस्तिदंत आणि सांबरशिंग बंद झाले. घोडीसाठी उंटाचे हाड व कृत्रिम पदार्थ आले. तो बदल पचला. अधिक मोठा आघात १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूत तयार झालेल्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने केला. पुढे तोच तंबोरा भ्रमणध्वनीत शिरला. लाकडी तंबोरा लावायला शिकावे लागते, तो घेऊन प्रवास करणे कठीण आणि पावसाळ्यात तो उतरतो. यंत्राला यांपैकी काहीच नको. परंतु यंत्र बिघडले तर कोणी त्याची जवारी काढत नाही. कारागिराला गवयाच्या कानाची गाठ घालून देणारा दुवाच त्यामुळे सैल झाला.

२४/ २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला संरक्षण मिळाले, ही गोष्ट महत्त्वाची. मात्र मानांकन नावाचे असते, चिमटीतल्या जाडीचे नसते. तबली कोठे थांबवायची हे ज्ञान कागदावर उतरत नाही. ते वडिलांशेजारी बसून, वर्षानुवर्षे टिचक्या ऐकत मुलाच्या बोटांत उतरते. पुढच्या पिढीतला मुलगा गल्ली सोडून नोकरीला लागला, तर ती साखळी एका पिढीतच तुटते. वसईच्या घंटा पाहायला मंदिरात जाता येते. विसरलेली जवारी पाहायला कोठेही जाता येत नाही.

२५/ म्हणूनच घरातल्या छोट्या कार्यशाळेत हाताने गिटार करू पाहणाऱ्यांचे मोल आहे. राजोडीसारख्या किनाऱ्यावर त्याला हवेशी आधी तह करावा लागेल. पावसाळ्यात लाकूड ओल पिऊन फुगते. तशा स्थितीत चिकटवलेली तबली कोरड्या दिवसांत आकसते आणि चिरते. फळ्या आधीच आणून घरात महिनोन्‌महिने मुरू द्याव्यात, तबली आणि पाठ यांची चिकटवाचिकटव दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावी, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असताना. तबलीसाठी ओंडका मध्यापासून परिघाकडे चिरलेली, सरळ रेषांची फळी घ्यावी. तीच उभी चिरून पुस्तकासारखी उघडावी आणि दोन पाने जोडावीत.

२६/ हत्यारे फारशी नवी नाहीत: रंधा, पटाशी, कानस, बारीक करवत, शिकंजे आणि तापणारी नळी. ती गावच्या सुताराकडेही असतात. नवे लागते ते एकच. पहिली गिटार पूर्ण झाली की ती भिंतीवर टांगू नये. चर्चच्या गायकवृंदात किंवा शेजारच्या घरात रोज वाजवणाऱ्या हाती द्यावी आणि तो काय म्हणतो ते ऐकावे. तार कोठे खडखडते, कोणता स्वर बसतो, काख कोठे बोचते. दुसरी गिटार त्या तक्रारीतून जन्मते. फरीदसाहेबांच्या गल्लीत तंबोरा सुधारला तो याच वाटेने, आणि तोरेसची गिटारही.

#वसई #मिरज #वाद्यपरंपरा